केमोथेरपी आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केमो सुरू असलेले रुग्ण आणि त्यांच्या घरचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा तपशील दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आत्ता रुग्णाला ताप असेल तर सरळ प्रश्न ९ वाचा, किंवा तोही न वाचता हॉस्पिटलला फोन करा.

१. "काउंट वाढवण्याचं इंजेक्शन" म्हणजे नेमकं काय असतं?

जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बनवण्याचा निरोप बोन मॅरोला, म्हणजे अस्थिमज्जेला, पोहोचवणारं एक प्रथिन आपलं शरीर स्वतःच तयार करतं. त्याला जी-सीएसएफ म्हणतात. इंजेक्शनात हेच प्रथिन प्रयोगशाळेत बनवून भरलेलं असतं. त्याने मॅरोतल्या कच्च्या पेशी अधिक संख्येने विभागतात, त्या लवकर पक्व होतात आणि तयार झालेल्या पेशी लवकर रक्तात सोडल्या जातात.

या संशोधनाची सुरुवात १९६० च्या दशकात झाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्न इथे डोनाल्ड मेटकाफ आणि त्यांचे सहकारी मॅरोच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना कोण वाढायला लावतं याचा शोध घेत होते. माणसातल्या जी-सीएसएफचा जनुक १९८६ मध्ये हाती आला आणि १९९१ मध्ये फिलग्रास्टिम या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी केमोनंतर काउंट, म्हणजे रक्तातल्या या पेशींची संख्या, पडला की वाट पाहणं, डोस कमी करणं आणि अँटिबायोटिक देणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

हे अँटिबायोटिक नाही आणि टॉनिकही नाही. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट याने वाढत नाहीत. त्यांची औषधं वेगळी आहेत.

२. केमोने पांढऱ्या पेशीच इतक्या का पडतात?

केमोची बरीचशी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात आणि मॅरोतल्या पेशीही. त्यात न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य जेमतेम काही तासांचं. निरोगी मॅरो रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल बनवतो, म्हणून ही उणीव एरवी जाणवत नाही. केमोने नव्या पेशींचा पुरवठा थांबला की मॅरोतला साठा काही दिवस पुरतो आणि मग काउंट घसरतो. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे हिमोग्लोबिन सावकाश उतरतं.

बहुतेक औषधांत काउंट सर्वांत खाली जातो तो केमोनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सावरतो. म्हणूनच केमोच्या बऱ्याच सायकली, म्हणजे फेऱ्या, २१ दिवसांच्या असतात.

३. रिपोर्टमध्ये कोणता आकडा पाहायचा? टोटल काउंट की आणखी काही?

पाहायचा तो एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या. बऱ्याच रिपोर्टमध्ये तो छापलेला असतो. नसेल तर हिशोब सोपा आहे. समजा टोटल काउंट, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी मिळून, १,८०० आहे, न्यूट्रोफिल २२ टक्के आणि बँड म्हणजे थोडे कच्चे न्यूट्रोफिल २ टक्के. दोन्ही मिळून २४ टक्के. १,८०० चे २४ टक्के म्हणजे ४३२. हा झाला एएनसी.

आता याच रुग्णाचा टोटल काउंट १,८०० च राहून न्यूट्रोफिल ६० टक्के असते तर एएनसी हजाराच्या वर गेला असता. टोटल सारखाच, पण धोका कितीतरी कमी. "टोटल दोन हजारांच्या खाली आलं" म्हणून रात्रभर घाबरलेली माणसं भेटतात. त्यांना पहिलं हेच विचारावंसं वाटतं की न्यूट्रोफिल किती टक्के आहेत?

साधारणपणे १,५०० च्या खाली एएनसी कमी समजतात, ५०० च्या खाली तो गंभीररीत्या कमी आणि १०० च्या खाली अतिशय गंभीर. हे आकडे दर मायक्रोलीटरचे आहेत. काही लॅब हजारांच्या पटीत लिहितात. तिथे ०.५ दिसलं तर ते ५०० समजा.

४. शेजारच्या बेडवरच्या रुग्णाला हे इंजेक्शन देतात, आमच्या बाबांना नाही. असं का?

कारण दोघांची केमो वेगळी असते, वय वेगळं असतं, शरीरही वेगळं. डॉक्टर आधी पाहतात की या औषधांच्या जोडीने काउंट पडून ताप येण्याचा धोका किती आहे. तो २० टक्क्यांहून जास्त असेल तर पहिल्याच सायकलपासून इंजेक्शन देण्याची शिफारस आहे. १० ते २० टक्क्यांच्या मधे असेल तर रुग्णाकडे पाहून ठरवतात. वय ६५ च्या पुढे, आधी केमो किंवा रेडिएशन झालेलं, कर्करोग मॅरोत पोहोचलेला, नुकतंच ऑपरेशन, लिव्हर किंवा किडनीचं काम मंदावलेलं, यांपैकी काही असेल तर पारडं इंजेक्शनकडे झुकतं. १० टक्क्यांच्या खाली ते सरसकट देत नाहीत.

आधीच्या सायकलमध्ये काउंट पडून ताप आला असेल तर पुढच्या वेळी निर्णय बदलू शकतो. पण तिथेही दोन वाटा असतात: इंजेक्शन जोडणं किंवा केमोचा डोस थोडा कमी करणं. आजार पूर्ण बरा करायची केमो असेल तर डोस आणि वेळापत्रक टिकवण्याला फार महत्त्व असतं, तिथे इंजेक्शन उपयोगी पडतं. त्रास कमी करण्यासाठी आणि आयुष्य सुसह्य करण्यासाठी केमो चालू असेल तर डोस उतरवणं हा पूर्णपणे योग्य वैद्यकीय निर्णय असतो. त्याला "उपचार कमी केले" समजू नका.

बाबांना इंजेक्शन नाही याचा अर्थ दुर्लक्ष नाही. तरी डॉक्टरांना जरूर विचारा: "या केमोत ताप येण्याचा धोका किती धरला आहे?" हा रास्त प्रश्न आहे.

५. कुणाला रोज टोचतात, कुणाला एकदाच. दोन्हीत चांगलं कोणतं?

फिलग्रास्टिम रोज द्यावं लागतं. किडनी आणि न्यूट्रोफिल मिळून ते शरीराबाहेर टाकतात, रक्तातली त्याची मात्रा साडेतीन तासांतच निम्मी होते. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मायक्रोग्रॅम, आणि काउंट पडून पुन्हा वर येईपर्यंत तो चालू ठेवायचा असतो.

पेगफिलग्रास्टिममध्ये त्याच प्रथिनाला एक लांब साखळी जोडलेली असते. त्यामुळे किडनी त्याला बाहेर टाकू शकत नाही आणि ते न्यूट्रोफिलच्या हातूनच संपतं. काउंट कमी असेपर्यंत औषध रक्तात टिकतं, काउंट वाढला की आपोआप कमी होतं. या गुणामुळे मोठ्यांना सायकलमध्ये ६ मिलिग्रॅमचा एकच डोस पुरतो. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो.

परिणामात दोन्ही तोलामोलाचे आहेत, पण रोजचं इंजेक्शन सगळे दिवस घेतलं तरच. तीन-चार दिवसांनी सोडून दिलं तर ती तुलना उरत नाही. घरापासून हॉस्पिटल लांब असेल आणि टोचायला कुणी नसेल तर एकदाचं बरं. लेनोग्रास्टिम आणि लिपेगफिलग्रास्टिम ही याच कुटुंबातली आणखी नावं. सार्ग्रामोस्टिम थोडं वेगळं आहे. ते मोनोसाइटसारख्या इतर पेशीही वाढवतं आणि नेहमीच्या केमोत फारसं वापरलं जात नाही.

६. "बायोसिमिलर" लिहिलंय. म्हणजे हलक्या दर्जाचं का?

नाही. मूळ औषधाची मक्तेदारी संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच प्रथिन, आणि परिणाम व सुरक्षितता मूळ औषधाशी ताडून पाहिल्यावरच त्याला मान्यता मिळते. युरोपात फिलग्रास्टिमची बायोसिमिलर २००८ पासून आहेत. अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं बायोसिमिलर हे फिलग्रास्टिमचंच होतं, २०१५ मध्ये.

७. केमो संपली त्याच दिवशी टोचून का देत नाहीत? दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप कशाला?

केमोचं औषध अंगात असताना मॅरोतल्या पेशींना विभागायला लावलं तर त्या त्याच औषधाच्या तावडीत सापडतात. फायदा राहतो बाजूला, काउंट आणखी खाली जाऊ शकतो. म्हणून केमो संपल्यावर किमान २४ तास थांबून, साधारणपणे पहिल्या तीन-चार दिवसांच्या आत इंजेक्शन सुरू करतात.

हाच नियम पुढच्या बाजूनेही लागू होतो. रोजचं इंजेक्शन पुढच्या केमोच्या आधीच्या २४ तासांत द्यायचं नाही. पेगफिलग्रास्टिम आणि पुढची केमो यांत १४ दिवसांचं अंतर सांगितलेलं आहे. दर दोन आठवड्यांनी येणाऱ्या केमोत हे अंतर एखाद्या दिवसाने कमी भरतं, तरीही तिथे ते दिलं जातं, कारण त्या पद्धतीचा अनुभव आणि अभ्यास उपलब्ध आहे. दर आठवड्याच्या केमोत मात्र पेगफिलग्रास्टिम बसत नाही.

केमोचा पंप लावून घरी जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २४ तास मोजायचे ते पंप काढल्यापासून, हॉस्पिटलमधून निघाल्यापासून नाही.

दुसरी खेप खरोखरच अवघड असेल तर ते मोकळेपणाने सांगा. अंगाला चिकटवायचं एक छोटं यंत्रही काही ठिकाणी मिळतं. ते केमोच्याच दिवशी लावतात, सुमारे २७ तासांनी ते आपोआप औषध सोडायला लागतं आणि पाऊण तासात डोस पूर्ण होतो. किंवा घरी टोचायला शिकता येतं.

८. घरी टोचायचं तर काय काळजी घ्यायची? आणि फ्रीजबाहेर राहिलं तर?

पहिल्यांदा नर्ससमोर स्वतः टोचून दाखवा. नुसतं पाहून शिकल्यावर घरी हात थरथरतो.

सिरिंज २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवली की गार औषधाने होणारी आग कमी होते. गरम पाण्यात बुडवायची नाही, हलवायचीही नाही. जोरात हलवल्याने फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. औषध नितळ दिसलं पाहिजे, गढूळ किंवा कण असलेलं वापरू नका. पोटावर बेंबीपासून सुमारे पाच सेंटिमीटर सोडून, किंवा मांडीच्या पुढच्या भागावर जागा निवडा आणि रोज ती बदला. स्पिरिट पूर्ण सुकू द्या, ओल्या त्वचेवर टोचलं की झोंबतं. चिमटीत त्वचा धरून सुई आत, दांडा सावकाश शेवटपर्यंत दाबायचा, सुई काढल्यावर कापूस नुसता टेकवायचा. चोळायचं नाही. वापरलेली सिरिंज जाड झाकणबंद डब्यात टाका.

पूर्ण सिरिंज द्यायची की अर्धी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. लहान मुलांच्या बाबतीत ही चूक महागात पडते.

फ्रीजबाहेर किती वेळ चालतं हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं आहे. काहींना २४ तास, काहींना ४८ तास, काहींना काही दिवस. डब्यातला कागद वाचा किंवा फार्मासिस्टला ब्रँडचं नाव सांगून विचारा. गोठून गेलेलं इंजेक्शन विचारल्याशिवाय देऊ नका. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, फोन करा.

९. इंजेक्शन घेतलंय, तरी ताप आला. सकाळपर्यंत वाट बघू का?

नाही. लगेच फोन करा आणि निघा.

या सगळ्या प्रश्नोत्तरांतलं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर ते हे असू दे. इंजेक्शनाने काउंट पडणं बंद होत नाही. तो किती खाली जाईल आणि किती दिवस खाली राहील हे कमी होतं, त्यामुळे तापाचा धोका घटतो, पण शून्य होत नाही. "इंजेक्शन घेतलंय ना, मग काही होणार नाही" या भरवशावर घरात गेलेली एक रात्र सगळ्या उपचारांवर पाणी फिरवू शकते.

ताप म्हणजे किती? तोंडात मोजून एकदा ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट, किंवा ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट तासभर टिकलेला. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा कमी आकडा सांगितला असेल तर तोच पाळा. हात लावून ठरवू नका, थर्मामीटर लावा. गुदद्वारातून मात्र ताप मोजायचा नाही, तिथल्या नाजूक त्वचेला इजा होऊन जंतू आत शिरतात. आधी पॅरासिटामॉल देऊन "उतरतो का पाहू" असंही करू नका. ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही.

न्यूट्रोफिल कमी असताना संसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसत नाहीत. पू होतो तो न्यूट्रोफिलमुळे, सूज आणि लाली येते त्यातही त्यांचा वाटा असतो. पेशीच नाहीत तर जखम कोरडी दिसते, छातीचा एक्स-रेसुद्धा सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो. बरेचदा ताप ही एकमेव खूण असते. वयस्कर माणसांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत तर तीही नसते. नुसती थंडी वाजून हुडहुडी भरणं, अचानक गळून जाणं, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, श्वास लागणं, यांपैकी काहीही झालं तरी ताप नाही म्हणून थांबू नका.

हॉस्पिटलमध्ये पोहोचल्यावर दारातच स्पष्ट सांगा: "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आलाय." हे वाक्य ऐकलं की रांग बदलते, बदललीच पाहिजे. रक्ताचे नमुने घेऊन अँटिबायोटिकचा पहिला डोस एका तासाच्या आत जावा असं मार्गदर्शक सूचना सांगतात. केमोची फाईल आणि औषधांची यादी दाराजवळ पिशवीत भरूनच ठेवा.

१०. इंजेक्शननंतर हाडं इतकी का दुखतात? पेनकिलर चालेल का?

हा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे. छातीचं मधलं हाड, कंबर, कुल्ले आणि मांड्या, म्हणजे मोठ्यांत जिथे मॅरो जास्त काम करतो तिथेच दुखतं. मॅरोतली हालचाल अचानक वाढल्याची ती खूण आहे. कुणाला नुसतं जड वाटतं, कुणाला ठणके बसतात. सहसा एक-दोन दिवसांत सुरू होऊन काही दिवसांत थांबतं. दुखलं नाही म्हणजे इंजेक्शन लागू पडलं नाही, असं मात्र नाही.

पॅरासिटामॉलने बहुतेकांना आराम पडतो, पण गोळीआधी ताप मोजायचाच (कारण प्रश्न ९ मध्ये आहे). नेप्रोक्सेनने हे दुखणं कमी होतं असं अभ्यासात दिसलं आहे, पण असल्या गोळ्या किडनीवर ताण आणतात, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव वाढवतात आणि ताप झाकतात. म्हणून डॉक्टरांना विचारूनच. काही डॉक्टर लोराटाडीन ही ॲलर्जीची गोळी देतात. सगळ्यांना ती सारखी लागू पडत नाही, पण साधी आहे, विचारून पाहायला हरकत नाही.

"सहन करा, होतं असं" यावर समाधान मानू नका. दुखण्याच्या भीतीने पुढचं इंजेक्शन टाळणारे रुग्ण आहेत, आणि तोटा त्यांचाच होतो.

११. कोणता त्रास साधा नाही?

पोटात डावीकडे बरगड्यांखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं. इंजेक्शनाने प्लीहा मोठी होऊ शकते आणि क्वचित फुटतेही. धाप लागणं, अंगावर एकदम सूज, लघवी लाल किंवा फार कमी होणं, अंगभर पित्त उठणं, ओठ सुजणं, हेही तातडीचं. हे सगळं विरळ आहे, पण झालं तर उद्यावर ढकलायचं नाही.

सिकलसेलचा आजार असेल तर तो आधी सांगा, इंजेक्शनाने तीव्र झटका येऊ शकतो. काही ब्रँडमध्ये सॉर्बिटॉल असतं, ते जन्मजात फ्रुक्टोज न पचणाऱ्यांना चालत नाही. काही सिरिंजच्या टोपणात रबराचं लॅटेक्स असतं, त्याची ॲलर्जी असलेल्यांनी विचारून घ्यावं.

१२. दोन इंजेक्शनांतच काउंट छान वाढला. उरलेली बंद करू का?

स्वतःहून नको. पहिल्या एक-दोन दिवसांत दिसते ती वाढ मॅरोत आधीच तयार असलेल्या पेशी बाहेर ढकलल्यामुळे होते. केमोचा खरा फटका त्यानंतर दिसतो आणि काउंट पुन्हा घसरतो. बंद करायचं ते घसरून पुन्हा पक्का वर आल्यावर. ती तारीख डॉक्टरच सांगतील.

१३. काउंट तीस-चाळीस हजार आला! कर्करोग रक्तात पसरला का?

इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर बहुतेक वेळा तो त्याचाच परिणाम असतो. रिपोर्टमध्ये बँड, मायलोसाइट अशा कच्च्या पेशींची नावंही दिसतात आणि ती इंटरनेटवर शोधून घरचे हवालदिल होतात. औषध ओसरलं की काही दिवसांत आकडा खाली येतो. रिपोर्टच्या कागदावर इंजेक्शनची तारीख लिहून ठेवा, म्हणजे नवा डॉक्टरही गोंधळत नाही. काउंट लाखाच्या घरात गेला, किंवा औषध संपून बरेच दिवस झाले तरी उतरला नाही, तर मात्र तपास हवा.

काउंट वाढण्याचं दुसरं एक कारण स्टिरॉइड. उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात. त्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि आकडा फुगतो. याला मॅरो सावरला असं समजू नये, आणि "मग काउंट वाढवायला स्टिरॉइडच द्या" असंही म्हणू नये.

१४. काउंट ४०० आहे, पण ताप नाही, माणूस हिंडतोफिरतो. इंजेक्शन मागून घ्यावं का?

बहुतेक वेळा गरज नसते. काउंट पडल्यावर, ताप नसताना इंजेक्शन सुरू केलं तर आकडा थोडा लवकर वर येतो, पण रुग्णाला त्याचा ठोस फायदा होत नाही असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून त्याची सरसकट शिफारस नाही. आकडा पाहून जीव खालीवर होतो हे समजण्यासारखं आहे, पण अशा वेळी दिवसातून दोन-तीनदा थर्मामीटर लावणं, हात धुणं, आजारी माणसांपासून दूर राहणं आणि हॉस्पिटलचा नंबर हाताशी ठेवणं हे जास्त मोलाचं आहे.

ताप आल्यावर मुख्य उपचार अँटिबायोटिकचा. त्याच्या जोडीला इंजेक्शन द्यायचं का, हे धोका पाहून ठरतं: न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग, रक्तदाब घसरणं, एएनसी १०० च्या खाली किंवा जास्त वय असेल तर विचार होतो. ज्यांना पेगफिलग्रास्टिम आधीच दिलेलं आहे त्यांना वरून सहसा देत नाहीत.

१५. काय खाल्लं की पेशी वाढतात?

एखादा पदार्थ, रस किंवा काढा खाऊनपिऊन केमोनंतरचा एएनसी वर येत नाही. पुरेसं प्रथिन आणि पुरेसा आहार मॅरोला सावरायला लागतोच, पण तो इंजेक्शनाला पर्याय नाही. झाडपाल्याची औषधं काही वेळा केमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करतात. घेत असाल तर लपवू नका. फळं-भाज्या कच्च्या अजिबात खायच्या नाहीत हा जुना कडक नियम पाळून संसर्ग कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. नीट धुतलेलं, ताजं आणि व्यवस्थित शिजवलेलं अन्न हा मुद्दा खरा महत्त्वाचा.

१६. केमो आणि रेडिएशन एकत्र चालू आहे. तरी इंजेक्शन चालेल?

दोन्ही एकाच वेळी चालू असताना, विशेषतः रेडिएशन छातीच्या मधल्या भागावर असेल तर, हे इंजेक्शन टाळण्याची शिफारस आहे. प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा अनुभव अशा रुग्णांत आला आहे. वेगवेगळ्या हॉस्पिटलमध्ये केमो आणि रेडिएशन घेणाऱ्यांनी दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांगायलाच हवीत.

१७. आईला केमो नाही, स्तनाच्या कर्करोगासाठी पालबोसिक्लिबच्या गोळ्या आहेत. काउंट ८०० आला. तिला इंजेक्शन का देत नाहीत?

या गोळ्यांनी काउंट पडतो, पण केमोसारखा नाही. केमो मॅरोतल्या पेशी मारते. ही गोळी त्यांची विभागणी थोपवून धरते, आणि गोळी थांबली की त्या पुन्हा कामाला लागतात. त्यामुळे काउंट बऱ्याच रुग्णांत कमी येतो, पण ताप क्वचित. इथे उपाय म्हणजे गोळी काही दिवस थांबवणं किंवा डोस उतरवणं. मात्र ताप आलाच तर प्रश्न ९ चा नियम इथेही तितकाच लागू.

याच गटातलं ट्रायलासिक्लिब हे औषध उलट्या बाजूने वापरतात. फुप्फुसाच्या पसरलेल्या स्मॉल सेल कर्करोगात केमोच्या आधी ते शिरेतून देतात. मॅरोतल्या पेशी तेवढा वेळ स्तब्ध राहतात आणि केमोच्या घावातून वाचतात. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली.

१८. माझा काउंट केमोआधीपासूनच कमी असतो. मग केमो दर वेळी पुढे ढकलणार का?

काही माणसांत, विशेषतः आफ्रिकी आणि काही पश्चिम आशियाई वंशाच्या लोकांत, एएनसी जन्मतःच कमी असतो आणि त्यांना संसर्ग जास्त होत नाही. डफी नावाच्या रक्तगटाशी त्याचा संबंध आहे. अशांच्या बाबतीत काउंटची नेहमीची मर्यादा तशीच लावली तर केमो विनाकारण लांबते. म्हणून जुने, आजाराच्या आधीचे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट सापडले तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण जुना रिपोर्ट नसताना "माझा कमीच असतो" असं गृहीत धरू नये. बी-१२ ची कमतरता, दुसरं एखादं औषध, किंवा मॅरोतला आजार हीही कारणं असू शकतात.

१९. पेशी वाढवताना कर्करोगालाही खतपाणी मिळतं का? पुढे ब्लड कॅन्सर होतो म्हणतात.

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, पण तो मोठ्याने विचारावा असाच आहे.

स्तन, फुप्फुस, आतडं अशा अवयवांच्या कर्करोगात इंजेक्शनाने गाठ वाढते असं रुग्णांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही. ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) आणि एमडीएस (मॅरोत पेशी नीट न बनण्याचा आजार) यांसारख्या मॅरोच्याच आजारांत मात्र विचार वेगळा करावा लागतो. तिथे कधी द्यायचं, कधी नाही, हे त्या आजाराचे डॉक्टर उपचाराचा टप्पा पाहून ठरवतात.

पुढे होणाऱ्या ल्युकेमियाबद्दल: धोका खरा आहे, पण लहान. अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर इंजेक्शन मिळालेल्या गटात दर हजारी साधारण चार रुग्णांना तो जास्त झाल्याचं दिसलं. त्यांतल्या अनेक चाचण्यांत या गटाला केमोही जास्त मिळाली होती, आणि केमोची काही औषधं स्वतःच ल्युकेमियाचं कारण ठरतात. त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढणं कठीण. त्याच चाचण्यांत, इंजेक्शन मिळालेल्या गटात एकूण मृत्यू मात्र कमी होते. बरा होण्याची शक्यता असलेला आजार असेल तर या हिशोबात इंजेक्शन घेण्याकडेच कल असावा, असं मला स्पष्टपणे वाटतं.

२०. पुढच्या आठवड्यात पेट (PET) स्कॅन आहे. इंजेक्शन घेतल्याचं सांगायला हवं का?

हो, तारखेसकट. जोमाने काम करणारा मॅरो स्कॅनमध्ये उजळ दिसतो आणि आजार हाडांत पसरल्याचा संशय येऊ शकतो. शक्य असेल तर इंजेक्शन आणि स्कॅन यांत पुरेसं अंतर ठेवतात. किती ते स्कॅन करणाऱ्या विभागालाच विचारा, कारण रोजच्या आणि एकदाच्या इंजेक्शनासाठी ते वेगळं असतं. अंतर ठेवणं शक्य नसेल तर स्कॅनच्या फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहा, म्हणजे रिपोर्ट देणारे डॉक्टर ते लक्षात घेऊन वाचतील.